ॲप्ट की डीएनएफ: सेटिंग नेमकी येते कुठून?

लिनक्समध्ये डेबियन-उबुंटू घ्यावं की फेडोरा, यावर पॅकेजेसची संख्या आणि अपडेटचा वेग धरून भरपूर लिहून झालंय. माझा निर्णय मात्र वेगळ्याच गोष्टीवर झाला: पॅकेज मॅनेजरची (सॉफ्टवेअर बसवणारा आणि अपडेट करणारा प्रोग्रॅम; डेबियन-उबुंटूत ॲप्ट, फेडोरात डीएनएफ) सेटिंग सापडते कुठे, आणि बदलली की ती खरंच लागू होते का. दोन्ही मी कामात वापरलेत, त्यामुळे हे अनुभवाचे बोल आहेत, मोजमाप नाही.

ॲप्टचा सगळा संसार ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरखालच्या ॲप्ट फोल्डरमध्ये असतो. रेपो, म्हणजे पॅकेजेस जिथून उतरतात त्या साठ्यांची यादी, 'सोर्सेस.लिस्ट.डी' मध्ये (उबुंटू २४.०४ पासून मुख्य यादीसुद्धा तिथेच, 'उबुंटू.सोर्सेस' या फाइलमध्ये), आणि बाकीच्या सवयी 'ॲप्ट.कॉन्फ.डी' मध्ये. या दुसऱ्या फोल्डरमधल्या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि नंतर वाचलेली किंमत टिकते, म्हणून आपल्या फाइलला '९५प्रॉक्सी' असं मोठ्या आकड्याचं नाव द्यायचं. रचना खरोखर चांगली आहे. मूळ फाइलींना हात लागत नाही, आणि एकच छोटी फाइल लॅबमधल्या सगळ्या मशीनवर टाकता येते. नावाला '.टीएक्सटी' जोडलंत तर ॲप्ट नोटीस देऊन ती फाइल वगळतो, '.डिसेबल्ड' जोडलंत तर काही न बोलता.

आता माझी अडचण. एका ऑफिसात आधीच्या कुणीतरी बसवलेली डेबियन मशीन माझ्याकडे आली. प्रॉक्सी (इंटरनेटकडे जाताना मध्ये असणारा सर्व्हर) बदलला होता, म्हणून नवा पत्ता '९५प्रॉक्सी' मध्ये लिहिला. तरी अपडेट जुन्याच पत्त्यावर जाऊन अडकायचं. 'ॲप्ट-कॉन्फिग डंप' चालवलं तर जुनाच पत्ता समोर. पण तो कुठल्या फाइलमधून आला, हे डंप सांगत नाही. सगळ्या फाइलींची बेरीज दिसते, कुणी काय घातलं ते दिसत नाही. शेवटी पूर्ण ॲप्ट फोल्डरवर ग्रेप (फाइलींत मजकूर शोधणारी कमांड) मारलं, तेव्हा तो 'ॲप्ट.कॉन्फ.डी' च्या बाहेरच्या 'ॲप्ट.कॉन्फ' मध्ये निघाला. डेबियनचा इन्स्टॉलर प्रॉक्सी विचारतो आणि उत्तर तिथे लिहून ठेवतो. आणि ही फाइल त्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींच्या नंतर वाचली जाते, त्यामुळे आपला आकडा ९५ असो की ९९, चालतं तिचंच. मॅन्युअलमध्ये हा क्रम दिलेला आहे, तक्रार त्याबद्दल नाही. पण किंमत दाखवणाऱ्या कमांडने फाइलचं नाव का सांगू नये?

डीएनएफमध्ये मला हा शोध घ्यावा लागला नाही. ईटीसीखाली डीएनएफ फोल्डर, त्यात 'डीएनएफ.कॉन्फ', वर [मेन] आणि खाली साध्या 'नाव = किंमत' अशा ओळी. ॲप्टसारखे दुहेरी कोलन नाहीत, अर्धविराम विसरला म्हणून सगळं ठप्प होणं नाही. प्रॉक्सी एका ओळीत. एखाद्या रेपोला तो नको असेल तर त्या रेपोच्या फाइलमध्ये तीच ओळ रिकामी ठेवायची. 'मॅक्स पॅरलल डाउनलोड्स', म्हणजे एकाच वेळी किती पॅकेजेस उतरवायची, हे मुळात ३ असतं आणि २० पर्यंत नेता येतं. मी १० ठेवतो, आमच्या लाइनवर फरक जाणवतो. 'फास्टेस्ट मिरर' मला तितकासा उपयोगी वाटला नाही, तो जवळचा सर्व्हर शोधतो, भरभर देणारा असेलच असं नाही.

डीएनएफचंही सगळं आलबेल नाही. रेपोच्या फाइली अजून 'यम.रेपोज.डी' नावाच्या फोल्डरमध्ये राहतात (यम हा डीएनएफच्या आधीचा पॅकेज मॅनेजर), तिथे नवखा माणूस हमखास गोंधळतो. फेडोरा ४१ पासून आलेल्या डीएनएफ५ ने तुकड्यातुकड्यांच्या फाइलींचे फोल्डरही आणलेत. डीएनएफच्या 'कॉन्फिग-मॅनेजर' कमांडने रेपोत केलेले बदल 'रेपोज.ओव्हरराइड.डी' मध्ये जाऊन बसतात. म्हणजे पुढेमागे इथेही ग्रेप लागू शकतो. अपग्रेडच्या वेळी बदललेल्या फाइलबद्दल डेबियन थांबून विचारतो, जुनी ठेवू की नवी घेऊ. फेडोरा बहुधा नवी फाइल '.आरपीएमन्यू' या शेपटीने शेजारी ठेवून पुढे जातो. ती नंतर आठवणीने बघावी लागते. इथे डेबियनची पद्धत मला जास्त आवडते.

एकसारख्या पुष्कळ मशीन सांभाळायच्या असतील तर ॲप्टला नाही म्हणणं अवघड आहे. स्वतःचा लॅपटॉप किंवा दोन-चार सर्व्हर असतील, आणि त्यातले काही दुसऱ्याने बसवलेले असतील, तर माझ्या मते डीएनएफने डोकं शांत राहतं. ॲप्टच घेणार असाल तर पहिल्याच दिवशी ती बाहेरची 'ॲप्ट.कॉन्फ' उघडून बघा, आणि आत काही असेल तर ते उचलून '.डी' फोल्डरमधल्या फाइलमध्ये न्या.