दिवाळीच्या तोरणासाठी फेल्टचं मिक्स पाकीट घ्यावं का? माझा अनुभव

यंदा सोसायटीतल्या दिवाळी स्टॉलला उटणं-पणत्यांच्या जोडीला फेल्टच्या कापडाचं काहीतरी नवीन ठेवायचं हे श्रावणातच ठरवलं होतं. झेंडूचं तोरण, छोटे आकाशकंदील, आणि जमलं तर नाताळसाठी झाडाला लटकवायचे तारे. म्हणून ऑनलाईन ए-फोर साईजच्या वीस शीट्सचं पाकीट मागवलं, दहा रंग, प्रत्येक रंगाच्या दोन. महिनाभर रोज हाताळतेय, तेव्हा ज्यांना विकायला वस्तू करायच्यात त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते.

आधी चांगलं सांगते. रंग खरंच सुंदर आहेत, भगवा तर अगदी झेंडूचा. फेल्ट विणलेलं नसतं, तंतू एकमेकांत गुंतवून दाबलेले असतात, त्यामुळे कापलं तरी कडेचे धागे सुटत नाहीत आणि दुमडून शिवत बसावं लागत नाही. झेंडूसाठी मी तीन सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्या कापते, पट्टी लांबीच्या दिशेने मधोमध दुमडायची (लांबी तेवढीच, रुंदी अर्धी), दुमडलेल्या बाजूने तीन-चार मिलिमीटरवर कात्रीने चिरा देत जायचं, खालचा अर्धा सेंटीमीटर सोडायचा आणि मग बुडाला गोंद लावत घट्ट गुंडाळायची. पाकळ्या अशा फुलून येतात की शेजारच्या काकूंनी चक्क वास घेऊन बघितला! या कामाला हे पातळ, मऊ फेल्ट एकदम बेस्ट.

पण पानं करायला घेतली आणि घोळ झाला. वर्णनात दोन मिलिमीटर लिहिलं होतं, हातात आलं ते जेमतेम एक. आंब्याची पानं संध्याकाळपर्यंत माना टाकायची, मधली शीर दोन पदरी धाग्याने घालून बघितली तरी तेच. ग्लू गनचा गोंद पलीकडे उमटतो आणि वाळला की तिथे कडक गाठ हाताला लागते. कंपनीला फोटो पाठवले, उत्तर नाही. शेवटी पुण्यातल्या बोहरी आळीत जाऊन कडक फेल्ट सुटं आणलं, दुकानदाराने दोन-तीन जाडीचे तुकडे हातात देऊन वाकवून बघायला लावले, ऑनलाईन हे होत नाही ना. त्याची पानं कशी ताठ राहतात! कंदीलपण त्याचेच केले. उलट त्या कडक फेल्टचा झेंडू करायला जाऊ नका, गुंडाळलेलं सारखं उलगडतं.

दुसरी गोष्ट हिशोबाची, आणि ती मला आधी कोणी सांगायला हवी होती. एका शीटमधून सात पट्ट्या निघतात, एका फुलाला दोन लागतात, माझ्या तोरणाला अकरा फुलं. म्हणजे पाकिटातल्या भगव्या-पिवळ्या चारही शीट्स एकाच तोरणाला लागल्या, उरल्या फक्त सहा पट्ट्या, आणि जांभळा, राखाडी, चॉकलेटी तसेच पडून! नमुने करून बघायला, कुठला रंग कुठे शोभतो ते ठरवायला मिक्स पाकीट छानच आहे, पण ऑर्डर घ्यायच्या असतील तर एकाच रंगाच्या सुट्या शीट्स किंवा मीटरवरच घ्या, नाहीतर तोरणाची किंमत लावताना रडू येईल.

आणि प्लीज दोन टेस्ट करूनच विका. लाल तुकडा ओला करून पांढऱ्यावर रात्रभर ठेवला तर सकाळी पांढरा गुलाबी झाला होता, दिवाळीच्या तोंडावर पाऊस येतोच आणि तोरण दारात असतं, लोकांच्या भिंतीला डाग पडला तर? म्हणून ताऱ्यांमध्ये लाल-पांढरं एकत्र करणं सोडून दिलं. दुसरी टेस्ट जाळून बघायची, चिमट्यात धरून, सिंकमध्ये. लोकरीचं फेल्ट असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरडते, हे मात्र वितळून काळा टणक मणी झाला, म्हणजे सिंथेटिक, बहुतेक पॉलिस्टर. त्यामुळे कंदिलात फक्त एलईडी, आणि तोरणाच्या टॅगवरसुद्धा मी 'पणतीपासून लांब लावा' असं मोठ्या अक्षरात लिहिते, घरात लहान मुलं असतात हो.

पाकिटाला पाचपैकी तीन स्टार, ते रंगांसाठी आणि झेंडूसाठी. जाडी खोटी लिहिली त्याचे दोन कापले. नंतर आणलेल्या सुट्या फेल्टची धरून आतापर्यंत सहा तोरणं झालीत, चार बुक आहेत, पुढच्या आठवड्यात भगवं फेल्ट आणायला परत बोहरी आळीत जाणार आहे. कोणाला कडक हिरवं हवं असेल तर कमेंटमध्ये सांगा, एकदमच आणते.