अनोळखी माणसाकडून घेतलेली जुनी रोड बाइक आणि सुटे भाग: रत्नागिरीतल्या एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

जुनी सायकल ऑनलाइन जाहिरात बघून घ्यावी का, हे मला रत्नागिरी-चिपळूणच्या बऱ्याच जणांनी विचारलं होतं. उत्तर द्यायला मी मुद्दाम पावसाळा संपायची वाट बघितली. आपल्याकडे सायकलचा खरा निकाल जून ते सप्टेंबरमध्येच लागतो. आता तो लागलाय: सायकल उत्तम निघाली, चाकांच्या व्यवहारात समोरच्याने फसवलं, एक क्रँक (पायडल ज्याला बसतं तो दांडा) घेतला नाही याचं समाधान आहे, आणि स्वतःची सायकल विकायला काढली तेव्हा जे फोन आले ते सगळ्यांना सांगायलाच हवेत.

जुन्याकडे वळण्याचं कारण साधं आहे. इथल्या दुकानांत मुलांच्या सायकली मिळतात, जाड टायरच्या गिअरवाल्या मिळतात. रोड बाइक म्हणजे पातळ टायरची, वाकड्या हँडलची वेगाची सायकल. ५४ च्या मापाची (फ्रेमचं माप, सेंटिमीटरमध्ये) हात लावून बघायची तर कोल्हापूर, पुणे नाहीतर मुंबई गाठावी लागते. नवीन घ्यायची ऐपत नसेल तर फोनवरच्या जाहिराती, आणि जाहिरात टाकणारा माणूस कोण, कुठला, काही ठाऊक नाही.

मी घेतलेली सायकल अॅल्युमिनियम फ्रेमची, शिमानो कंपनीच्या क्लॅरिस या साध्या संचाचे मागे आठ गिअर, रिम ब्रेक (चाकाच्या कडेला रबर दाबणारे). मालक कोल्हापूरचा. फोनवर पहिल्यांदा बोललो तेव्हा मी किंमत विचारलीच नाही. म्हटलं, "दादा, सीटवर माझ्या नावाची चिठ्ठी ठेवून, हँडल डावीकडे वळवून एक फोटो पाठवाल का?" दहा मिनिटांत फोटो आला. ही विनंती मी त्याआधी बऱ्याच विक्रेत्यांना केली होती. एकाने "विश्वास नसेल तर राहू दे" म्हणून फोन ठेवला. दुसरा म्हणाला, सायकल गावच्या घरी आहे, तुम्ही टोकन टाका, अजून दोघं विचारतायत. ज्याच्याकडे सायकल खरंच उभी आहे त्याला एक चिठ्ठी ठेवायला काय कष्ट? तिथे घाई आणि रुसवा दिसला की पाणी कुठेतरी मुरतंय हे धरून चालावं.

कोल्हापूरला मी स्वतः गेलो आणि बरोबर सायकल जाणणारा मित्र नेला. आमची सायकल दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकाकांनी काय काय बघायचं ते आधीच पढवलं होतं. मासळी घेताना बायका कल्ला उचलून आत बघतात, तशी सायकल उलटी करून आत बघायची. वरचा रंग सगळेच पुसतात. पहिली गोष्ट सीटपोस्ट, म्हणजे सीट ज्यावर बसते ती फ्रेममध्ये शिरणारी दांडी. बोल्ट सैल करून तो वरखाली होतो का, पूर्ण बाहेर येतो का हे बघायचं. मग त्या भोकात टॉर्च मारायचा. किनाऱ्यावरच्या सायकलींचं दुखणं इथे असतं. खाऱ्या दमट हवेत दोन धातू एकमेकांना चिकटून बसतात. स्टीलच्या फ्रेममध्ये अॅल्युमिनियमचा पोस्ट असेल तर गंज आणखी लवकर धरतो, आणि एकदा पोस्ट जाम झाला की काढताना फ्रेम जायची भीती असते. मालवणला एक सायकल मी याच कारणासाठी सोडली होती. फोटोत लखलखीत, रंगाला ओरखडा नाही. प्रत्यक्षात ती समुद्राकडे तोंड असलेल्या गॅलरीत टांगलेली होती. तारांच्या निपलवर (तारा रिमला आवळणाऱ्या छोट्या नटांवर) पांढरी भुकटी, बोल्टच्या डोक्यांवर तांबूस कड, आणि पोस्ट दोघांनी मिळून पिळला तरी हलेना. विकणारे काका सज्जन होते, त्यांनी काही लपवलं नव्हतं. वर्षभरात त्यांनी पोस्ट हलवून बघितलाच नव्हता. अनोळखी माणूस प्रामाणिक असला तरी माल प्रामाणिक असेलच असं नाही, हे मला तिथे पटलं.

कोल्हापूरच्या सायकलचा पोस्ट सहज बाहेर आला, आत कोरडं ठणठणीत. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे ढकलली, हेडसेटमध्ये (हँडल ज्यावर वळतं त्या बेअरिंगमध्ये) खडखड नाही. क्रँक हाताने बाजूला ओढून बघितला, ढिला नाही. फ्रेमच्या नळीवर, फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) मागे बोट फिरवून बघितलं, कुठे सुरकुती किंवा रंगाला केसासारखी भेग नाही. जोराने धडकलेल्या सायकलची खूण बहुतेक वेळा तिथेच असते, पुढच्या चाकामागे खालच्या नळीवर. चेन मात्र गेलेली होती. पट्टी लावून मोजली. नव्या चेनमध्ये एका पिनेपासून धरलं की बारा इंचांवर बरोबर पिन येते. १/१६ इंच पुढे गेली तर चेन बदलायची, १/८ इंच गेली तर दाते पण झिजले समजायचं आणि कॅसेटसुद्धा, म्हणजे मागच्या चाकावरची दातेरी चक्रं, हिशोबात धरायची. इथे ती १/८ च्या जवळ होती. मी हे मालकाला पट्टी दाखवूनच सांगितलं, आणि त्याने चेन आणि कॅसेटचे पैसे वळते केले. घासाघीस अशी करावी. "लास्ट बोला" म्हणत बसण्यापेक्षा पट्टीवरचा आकडा पुढे ठेवला की समोरचाही दुखावत नाही.

कागदाबद्दल थोडं. स्कूटरला आरसी बुक असतं, सायकलला काहीच नसतं, त्यामुळे चोरीची सायकल फिरवणं सोपं जातं. बॉटम ब्रॅकेटच्या (दोन पायडलांच्या मधे क्रँक ज्यात फिरतो त्या भागाच्या) खाली फ्रेमवर नंबर कोरलेला असतो. तो घासलेला किंवा वरून रंग मारलेला दिसला तर तिथूनच परत फिरा, किंमत कितीही कमी असो. चोरीचा माल जाणूनबुजून, किंवा तसं मानायला कारण असताना, घेणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये तो येतो. या दादांकडे दुकानाचं मूळ बिल होतं, त्यावर तोच नंबर. आम्ही साध्या कागदावर नंबर, रक्कम, तारीख लिहून दोघांच्या सह्या केल्या. पैसे त्यांच्या समोर, त्यांच्याच नावाच्या खात्यावर गेले. "भावाच्या नंबरवर टाका" असं कोणी म्हणालं तर टाकू नये.

आता पावसाळ्यातला वापर. आरे-वारे, गणपतीपुळे, दुसऱ्या बाजूला भाट्याचा पूल ओलांडून पावस. रस्त्यावर जांभ्याचं लाल पाणी, आणि उघडीप मिळाली की खारा वारा. फ्रेमला काही झालं नाही. जुलैत पायडल मारताना कटकट सुरू झाली, बॉटम ब्रॅकेटच्या बेअरिंगमध्ये पाणी गेलं होतं, बदलून घेतला. हेडसेटचं खालचं बेअरिंग खोललं तेव्हा ग्रीसचा रंग विटेसारखा झाला होता, धुऊन परत भरलं. ब्रेकची रबरं लाल चिखलाने भराभर खाल्ली. हा जुन्या मालाचा दोष नाही, नवीन सायकलचीही कोकणात हीच गत होते. पण खरेदीच्या किमतीत एवढी डागडुजी धरूनच चाला. रिम ब्रेक असेल तर रिमच्या कडेवरची खूण, बारीक खाच किंवा ठिपका, आधी बघा. ती पुसली गेली असेल तर रिम संपली. एक गोष्ट मला या चार महिन्यांनी शिकवली: किनाऱ्यावरच्या माणसाकडून घ्यायची असेल तर गणपतीनंतर घ्या. मे महिन्यात सगळ्या सायकली चांगल्या दिसतात, ऑक्टोबरात गंज लपत नाही.

चाकांचं प्रकरण वेगळं झालं. मुंबईच्या एका माणसाने चाकांची जोडी टाकली होती, फोटो छान, बोलणं गोड. मला मुंबईला जाणं जमणार नव्हतं, म्हणून अर्धे पैसे आधी, अर्धे माल बघून, असं ठरलं. पार्सल मी कॅमेरा चालू ठेवून उघडलं. मागच्या चाकात, चेनच्या बाजूला, तारा जिथे रिममध्ये शिरतात त्या भोकांभोवती बारीक भेगा होत्या. एक नाही, ओळीने चार-पाच भोकांना. फोनवर उत्तर आलं की वाटेत ट्रॅव्हल्सवाल्यांनी आपटलं असेल. आपटलेली रिम पिचकते, एका जागी दबते. भोकांभोवती ओळीने आलेल्या भेगा तारांच्या ताणाने, महिनोन्महिने चालवून येतात. मी हे समजावून व्हिडिओ पाठवला. दुसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक, आणि जाहिरातीचं खातंही गायब. उरलेले अर्धे पैसे माझ्याकडेच राहिले, हे त्या ठरावामुळे. हब (चाकाचा मधला भाग) मात्र चांगले होते. मिस्त्रीकाकांनी नवीन रिम, नवीन तारा घालून चाक बांधून दिलं, तेच आज चालू आहे. पण सगळा खर्च जोडला तर नवीन साध्या जोडीएवढा झाला. त्यामुळे चाकं पार्सलने मागवायची असतील तर मागच्या रिमच्या प्रत्येक भोकाचा जवळून फोटो मागा, आणि चाक फिरवतानाचा व्हिडिओ मागा, म्हणजे ते आउट आहे का, डुलतं का, तेही कळेल.

क्रँकची गोष्ट सविस्तर सांगतो, कारण इथे प्रश्न पैशांचा नव्हता, दात आणि हाडांचा होता. चिपळूणच्या एकाने शिमानोच्या महागड्या अल्टेग्रा संचाचा अकरा-स्पीड (मागे अकरा गिअरसाठीचा) क्रँक अगदी कमी किमतीत काढला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये शिमानोने अल्टेग्रा आणि ड्युरा-एसच्या काही अकरा-स्पीड क्रँकसाठी तपासणी आणि बदली जाहीर केली. हे क्रँक आतून पोकळ, दोन तुकडे चिकटवून केलेले, आणि तो चिकटवलेला सांधा सुटू शकतो. एकट्या अमेरिका आणि कॅनडात असे सुमारे ७,६०,००० क्रँक विकले गेले होते. सांधा सुटल्याच्या साडेचार हजारांवर तक्रारी नोंदल्या गेल्या. १ जून २०१२ ते ३० जून २०१९ या काळात बनलेले हे क्रँक आहेत, मॉडेल एफसी-६८००, आर८०००, ९०००, आर९१००, आर९१००-पी. क्रँकच्या आतल्या बाजूला दोन अक्षरांचा कोड असतो, पहिलं अक्षर वर्षाचं, दुसरं महिन्याचं. केएफ ते आरएफ यांच्यामधला कोड म्हणजे तो या यादीतला. मी त्या मुलाकडून आतल्या बाजूचा फोटो मागवला, कोड एनसी, म्हणजे २०१५ चा मार्च. त्याला हे काहीच माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर त्याने जाहिरात काढली आणि तपासून घेतो म्हणाला. याद्या अशा निघतात आणि जुना माल मात्र गावोगाव हातोहात फिरत राहतो. घेणाऱ्याने कोड वाचल्याशिवाय हे थांबणार नाही.

कार्बनचं हँडल, कार्बनचा फोर्क अनोळखी माणसाकडून मी घेत नाही. नाणं वाजवून आवाज ऐकतात, बद्द आवाज आला तर आतला थर सुटलाय असं म्हणतात. पण नाणं वाजलं म्हणजे फोर्क सुखरूप, हे कोणीही छातीठोक सांगू शकत नाही. त्यात नामांकित कंपन्यांच्या नावाने नकली कार्बन हँडल सर्रास विकली जातात. आंबा घाटाच्या उतारावर हँडल हातात आलं तर पुढे काय होईल हे डोळ्यांसमोर आणा.

विकण्याकडे वळतो. माझी आधीची हायब्रिड (सरळ हँडलची सायकल) मी जाहिरातीत टाकली आणि तासाभरात फोन. मी आर्मीत आहे, बदली झालीये, सायकल मुलासाठी हवी, बघायची गरज नाही, पूर्ण पैसे आत्ताच पाठवतो. किंमत कमी करा म्हणालाही नाही. मग क्यूआर कोड आला: स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात जमा होतील. यूपीआयचा पिन पैसे पाठवतानाच लागतो, घेताना कधीच लागत नाही. एवढं एक वाक्य घरातल्या आई-बाबांना, शेजारच्या काकांना पाठ करून सांगा. दुसऱ्याने पैसे पाठवल्याचा मेसेज पाठवला, तो बँकेचा नव्हताच, त्याच्याच नंबरवरून लिहिलेला होता. बँकेच्या अॅपमध्ये शिल्लक वाढलेली दिसल्याशिवाय सायकलची किल्ली देऊ नका. कोणाचे पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० ला फोन करा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यांतून निघून जायच्या आत फोन झाला तर ते अडवले जायची शक्यता राहते. माझी सायकल शेवटी देवरुखच्या एका मुलीला गेली. ती वडिलांना घेऊन आली, मारुती मंदिरापर्यंत चक्कर मारून बघितली. मागचा गिअर थोडा अडतो हे मीच आधी सांगितलं, तिने तेवढे पैसे कमी केले आणि सायकल घेऊन गेली.

हेल्मेट जुनं घेऊ नका, फुकट दिलं तरी नको. आतला थर्माकोलसारखा थर एकाच धडकेपुरता असतो, तो दबला की वरून दिसत नाही, आणि आधीचा मालक पडला होता का हे तुम्हाला कधीच कळणार नाही. ब्रेकच्या केबल आणि रबरंही जुनी आली तर पहिल्याच दिवशी बदला. बाकी पायडल, सीट, बाटलीचे स्टँड, कॅरिअर, पंप हे खुशाल जुनं घ्या. मी घेतलेली पायडलं पावसात भिजून, खोलून, ग्रीस भरून अजून गुळगुळीत फिरतायत. फक्त घरी काढताना लक्षात ठेवा, डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, जोर लावून क्रँकचे आटे घालवू नका.