आर१५, आरसी ३९०, आरआर ३१० की ट्विन (दोन सिलिंडरची)? गोव्यात रोज चालवायची आणि ट्रॅकवर पण न्यायची असेल तर

साखळी, म्हापसा, फोंडा, कुठल्याही चहाच्या गाड्यावर बाईकवाली पोरं जमली की विषय फिरून तिथेच येतो. वेर्ण्याला कामावर रोज नेता येईल आणि वर्षातून कधीतरी कोईमतूर नाहीतर चेन्नईला ट्रॅकवर पण उतरवता येईल अशी एकच गाडी कुठली? यातल्या बऱ्याच गाड्या मी चालवल्यात, काही भरपूर, काही मित्रांकडून मागून, आणि माझं मत सीसी किंवा टॉप स्पीड बघून बनलेलं नाही. ट्रॅकवर शिकायला जाणार असाल तर गाडी आज ना उद्या आडवी होणार हे धरूनच चाला. पडल्यावर जिची दुरुस्ती खिशाला परवडेल आणि जी लगेच परत कामावर नेता येईल ती तुमची रेसची गाडी, बाकी सगळं नंतर.

या हिशोबाने यामाहा आर१५ अजूनही पहिली. २००८ मध्ये पहिली आर१५ आली तेव्हा आपल्याकडे एवढ्या छोट्या गाडीला लिक्विड कूलिंग आणि डेल्टाबॉक्स (यामाहाची रेसच्या गाड्यांसारखी मजबूत) फ्रेम हे कोणी बघितलंच नव्हतं. आताची व्ही४, म्हणजे चौथी आवृत्ती, १५५ सीसी, १८.४ पीएस ते पण १०,००० आरपीएमला, टॉर्क १४.२ एनएम, वजन जेमतेम १४२ किलोच्या आसपास. कागदावर आकडे छोटे दिसतात, पण ट्रॅकवर हेच कामाला येतं, कारण ताकद कमी असल्यामुळे कॉर्नरमध्ये स्पीड घालवला की तो परत मिळवायला अख्खी सरळ जाते. मग माणूस आपोआप ब्रेक लवकर सोडायला, नजर पुढे टाकायला आणि लाईन नीट धरायला शिकतो. मोठ्या गाडीवर चूक झाली की थ्रॉटल पिळून ती झाकता येते, इथे झाकायला काही नाही.

तिच्या व्हीव्हीएबद्दल, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह किती उघडायचे ते आरपीएमप्रमाणे बदलणाऱ्या यंत्रणेबद्दल, थोडं सांगतो, लोक त्याला उगाच टर्बोसारखं काहीतरी समजतात. इनटेकच्या व्हॉल्व्हसाठी कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) दोन वेगळे लोब, म्हणजे उंचवटे, असतात, एक खालच्या आरपीएमसाठी, एक वरच्यासाठी, आणि ७,४०० ला एक छोटी पिन सरकून दुसरा लोब कामाला लागतो. तिसऱ्या गिअरमध्ये कॉर्नरमधून बाहेर पडताना काटा त्या आकड्याच्या खाली असला तर गाडी मेल्यासारखी वाटते आणि वर असला तर अक्षरशः खेचून नेते, म्हणून आर१५ चालवायची म्हणजे गिअर बदलत राहायचं. वरच्या व्हेरियंटला क्विकशिफ्टर, म्हणजे क्लच न दाबता गिअर बदलायची सोय, आहे पण तो फक्त गिअर वर टाकताना चालतो, खाली येताना क्लच मारावाच लागतो, स्लिपर क्लच असल्यामुळे मागचं चाक उड्या मारत नाही एवढं मात्र नक्की. आपल्या राष्ट्रीय चॅम्पियनशिपमध्ये १६५ सीसीचा वेगळा क्लास असतो, तिथे ही गाडी वर्षानुवर्षं धावतेय, त्यामुळे तिचे रेसचे फूटरेस्ट, फायबरचं फेअरिंग (गाडीभोवतीचं कव्हर), सेकंडहँड पार्ट सगळं मिळतं आणि ती उघडून जोडणारे मेकॅनिक पण जागोजागी आहेत.

आता केटीएम आरसी ३९०. खरं बोलायचं तर ट्रॅकवर मला सगळ्यात जास्त मजा या गाडीने दिलीय. ३७३ सीसी, एकच सिलिंडर, ४३.५ पीएस, ३७ एनएम, वजन १७२ किलो, समोर ३२० एमएमची डिस्क, कॉर्नरिंग एबीएस (गाडी वळणात झुकलेली असतानाही सांभाळणारं), आणि सुपरमोटो मोड, ज्यात मागचं एबीएस बंद होतं. चेन्नईच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकची मोठी सरळ संपताना ब्रेक दाबला की पुढचा टायर रस्त्यात रुतल्यासारखा वाटतो. पण रोजच्या वापराला? पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये एप्रिल-मेच्या दुपारी फुल फेअरिंगमधला एवढा मोठा सिंगल म्हणजे फॅन लागला की गरम हवा सरळ मांडीवर, आणि खालच्या आरपीएमला तो हळू चालायला तयारच नसतो, धक्के देत राहतो. आणि आर१५ वरून उडी मारून थेट यावर बसणाऱ्यांना मी सांगेन थांबा, ही गाडी चुका लपवते आणि मग एकदम हिशोब मागते. आरसी २०० म्हणजे २५ पीएसची मधली पायरी, तिचा पुढचा भाग कॉर्नरमध्ये फार सुंदर बसतो, पण २०० घेणारा दोन वर्षात ३९० कडे बघायला लागतो.

टीव्हीएस अपाचे आरआर ३१० बद्दल माझं मत हळूहळू बदलत गेलं. २०१७ च्या शेवटी आली, बीएमडब्ल्यूबरोबर बनवलेलं ३१२ सीसीचं इंजिन, ज्यात हेड मागे झुकलेलं आहे म्हणजे हवा पुढून जाते आणि सायलेन्सरचा पाईप मागून निघतो, त्यामुळे स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा भाग, लांब ठेवता आला. २०२४ मध्ये ताकद ३८ पीएस झाली. कंपनीची स्वतःची वन-मेक रेस, म्हणजे सगळ्यांना एकच मॉडेल असलेली रेस, याच गाडीवर चालते. पण मला तिची खरी किंमत कळते ती जुलैत. रेन मोड टाकला की ताकद कापली जाते आणि एबीएस सावध होतं, आणि धारबांदोडा, उसगाव भागात रस्त्यावर लाल माती आणि पाऊस एकत्र झाले की हे किती उपयोगाचं आहे ते तिथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. हँडल पण आरसीएवढं खाली नाही, मनगटं वाचतात. एकच गाडी, पावसाळाभर रोज चालवायची, ट्रॅक वर्षातून एकदाच, असं असेल तर आर१५ च्या आधी मी हीच सांगेन.

ट्विनमध्ये कावासाकी निंजा ३०० जुनी झाली तरी रोजच्या वापराला अजून गोड आहे, ३९ पीएस, सीट फक्त ७८० एमएम, टाकी १७ लिटरची, कोल्हापूर गाठून वर पेट्रोल उरतं. वजन मात्र १७९ किलो, ते ट्रॅकवर जाणवतं. यामाहा आर३ त्याहून चपळ. अशा गाड्यांचा वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये २०१७ पासून सुपरस्पोर्ट ३०० म्हणून वेगळा क्लास होता, आणि २०१८ मध्ये निंजा ४०० वर आना कारास्को जिंकली, सोलो रोड रेसिंगमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झालेली पहिली बाई, त्यामुळे छोटी गाडी म्हणजे पोराटोरांची गाडी हे कोणी सांगू नये. एप्रिलिया आरएस ४५७ तर बारामतीत बनते, ४७.६ पीएस, आणि तिची किंमत २०२३ च्या डिसेंबरात आपल्या वागातोरलाच इंडिया बाईक वीकमध्ये जाहीर झाली होती. चालवायला झकास, पण पाडायला महाग, आणि माझा मुद्दा तोच आहे.

गोव्याचं म्हणून जे आहे ते शोरूममध्ये कोणी सांगत नाही. चोडणला किंवा दिवाडीला फेरीने रोज जाणाऱ्यांनी ओल्या लोखंडी रॅम्पवर खाली वाकलेल्या हँडलची गाडी एकदा तरी चढवून बघा, मान वर, वजन मनगटावर, पाय टाकायला जागा निसरडी, तिथे सीटची उंची हा सगळ्यात मोठा आकडा होतो. आर१५ ८१५ एमएम आहे, आरसी त्याहून उंच, उंची कमी असेल तर बसून बघितल्याशिवाय बुक करू नका. समुद्राजवळ राहात असाल तर चेन आणि डिस्कचे बोल्ट खारट हवेत किती लवकर गंजतात ते बघून पावसात दर आठवड्याला चेन साफ करून ल्यूब मारा. आणि चोर्ला घाटात रेस लावू नका, वळणावर समोरून बेळगावच्या भाजीचा टेम्पो येतो आणि तिथे ट्रॅकसारखा रनऑफ, म्हणजे घसरलात तर थांबायला मोकळी जागा, नसतो.

ट्रॅकला नेताना आरसे, नंबर प्लेट काढायची, लाईटला टेप, ऑइलच्या बोल्टला लॉकवायर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार), आणि रेसला रेडिएटरमध्ये कूलंटच्या जागी साधं पाणी, कारण कूलंट ट्रॅकवर सांडलं तर मागून येणारा घसरतो. परत आल्यावर कूलंट आठवणीने भरा. मडगावहून रेल्वे पार्सलने पाठवत असाल तर टाकी रिकामी करावी लागते, तीन-चार जणांनी मिळून टेम्पो केला तर डोकेदुखी कमी. आणि गाडी घ्यायच्या आधी शिकायचंच असेल तर काही रेसिंग स्कूल गाडी आणि सूट दोन्ही देतात, तिथे एकदा दुसऱ्याच्या गाडीवर दिवस काढा, बुकिंगचे पैसे त्यानंतर भरा.