वाहाकाचं मेर्कादो बेइन्ते दे नोबिएम्ब्रे: मोडक्यातोडक्या स्पॅनिशवर पोटभर जेवण

मेक्सिकोत वाहाकाला जाणार असाल (स्पेलिंग बघून ओक्साका म्हणू नका, तिथे एक्सचा ह होतो) तर सोकालो म्हणजे मुख्य चौकाच्या कडेच्या हॉटेलांत बसायच्या आधी या मार्केटात जेवा, एवढंच सांगायचंय खरं तर. पण सविस्तर लिहिते, कारण आमच्यात नवरा पक्का मांसाहारी आणि मी अंडंसुद्धा न खाणारी, आणि तरी दोघंही तिथून तृप्त होऊन निघालो.

सोकालोपासून दक्षिणेला थोडं चाललं की आधी बेनितो हुआरेस मार्केट लागतं आणि त्याला लागूनच पुढे हे. हुआरेस म्हणजे याच राज्यातल्या गेलाताओ गावात 1806 साली जन्मलेले, झापोतेक या मूळनिवासी समाजातले मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष, त्यांचं नाव इथे जिकडेतिकडे दिसतं. आणि या मार्केटाच्या नावातली बेइन्ते दे नोबिएम्ब्रे, म्हणजे 20 नोव्हेंबर, ही 1910 च्या मेक्सिकन क्रांतीची तारीख. जुनं शहर आणि जवळचे मोन्ते आल्बान या प्राचीन शहराचे अवशेष मिळून 1987 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत, हिरवट दगडाच्या इमारती, सान्तो दोमिंगोचं चर्च वगैरे बघालच, त्यावर लिहिणारे भरपूर आहेत. मी खाण्यावरच येते.

मार्केटात एका बाजूला पासियो दे उमो नावाचा बोळ आहे, नुसतं ‘उमो’ म्हणून विचारलं तरी कुणीही बोट दाखवतं! उमो म्हणजे धूर, आणि बोळ खरंच धुराने भरलेला असतो. दोन्हीकडे कोळशाच्या शेगड्या, मांसाचे पातळ पातळ पडदे पसरलेले, तासाहो (बीफ), सेसीना (मिरची लावलेलं पोर्क), चोरीसो (मसालेदार सॉसेज), आणि प्रत्येक जण ‘पासेले, पासेले’ (या, या) करून बोलावतोय. इथली पद्धत कळली नाही तर माणूस नुसता उभा राहतो. मांस वजनावर घ्यायचं, ‘मेदियो किलो’ (अर्धा किलो) किंवा ‘उन कुआर्तो’ (पाव) म्हणायचं, ते तुमच्यासमोर भाजतात. पण टॉर्टिया (मक्याची पोळी) दुसरीकडून, ग्वाकामोले (अवोकाडोची चटणी), मुळा, निवडुंगाची कोशिंबीर अजून कुणाकडून, पातीचे कांदे आणि मिरच्या निखाऱ्यावर भाजून घ्यायच्या, आणि प्रत्येकाचे पैसे वेगळे. टेबलं सगळ्यांची मिळून. नवऱ्याने तासाहो घेतलं, त्याचं म्हणणं मीठ थोडं जास्त पण कोळशाचा स्वाद असा की हॉटेलात मिळणार नाही.

माझ्या पानात भाजलेले कांदे, नोपालेस (निवडुंग), अवोकाडो, लिंबू आणि गरम टॉर्टिया. भाजलेल्या कांद्याच्या पाती बाहेरून काळ्या पडलेल्या आणि आतून गोड, लिंबू पिळून टॉर्टियात गुंडाळल्या की दुसरं काही लागत नाही. फक्त शेगडी मांसाचीच असते, ते ज्यांना चालत नसेल त्यांनी बोळात न जाता आतल्या खानावळीत बसावं. पण तिथेही सावध राहा! त्लायुदा नावाची मोठी कडक टॉर्टिया दिसायला पूर्ण शाकाहारी, वर बीन्स, चीज, कोबी, पण खाली आसियेन्तोचा थर असतो आणि तो डुकराच्या चरबीचा. ‘सिन आसियेन्तो, पोर फाबोर’ (आसियेन्तो नको, प्लीज) हे पाठच करून जा. बीन्समध्येही चरबी असू शकते, त्यासाठी ‘येबा मान्तेका?’ असं विचारायचं. आणि नुसतं ‘सिन कार्ने’ (मांस नको) म्हणून भागत नाही, कार्ने म्हटलं की त्यांच्या डोळ्यासमोर लाल मांस येतं, चौकातल्या एका हॉटेलात मला त्यावर चिकन घातलेली प्लेट आली होती. ‘नी पोयो, नी हामोन, नी पेस्कादो’ (चिकन, हॅम, मासेही नको) जोडा. मोले नेग्रो (काळा मसालेदार रस्सा) चाखायचा मोह होतो पण तो बहुतेकदा चिकनच्या रश्श्यातच असतो, मी सोडून दिला.

आता भाषेचं. आपल्याला स्पॅनिश बोलायला त्या मानाने सोपी जाते, त, द आपल्यासारखेच दाताला जीभ लावून, स्वर पण सरळ, देवनागरीत लिहून घेतलं आणि वाचलं तरी समोरच्याला कळतं. एच मात्र उच्चारायचा नाही. बाजारात व्याकरण कुणी बघत नाही, नमस्कार बघतात. आधी ‘बुएनोस दियास’ (दुपारनंतर ‘बुएनास तार्देस’) आणि मगच ‘क्वान्तो कुएस्ता?’, थेट भाव विचारला की चेहरे जरा कोरडे होतात. वयाने मोठ्या बाईला ‘सेन्योरा’ आणि उस्तेद, म्हणजे आपलं तुम्ही, हे पाळलं की फरक पडतो. इथल्या काही विक्रेत्यांची घरची भाषा झापोतेक किंवा मिश्तेक असते, स्पॅनिश त्यांनीही नंतर शिकलेली, म्हणून की काय आपल्या अडखळण्याला कुणी हसत नाही. आकडे शंभरपर्यंत येऊ द्या, त्यातही सेसेन्ता (60) आणि सेतेन्ता (70) गडबडीत सारखेच ऐकू येतात, सरळ मोबाईलचा कॅल्क्युलेटर पुढे करा. शेजारून उठणारा अनोळखी माणूस ‘प्रोबेचो’ (जेवण अंगी लागो) म्हणतो, त्याला ‘ग्रासियास’ (धन्यवाद) म्हणायचं, आपण उठताना आपणही म्हणायचं, मला ही रीत फार आवडली. आणि कुणी ‘आओरीता’ म्हणालं, म्हणजे आत्ता, तर खुशाल टेकून बसा.

हुआरेस मार्केटात तेहाते नक्की प्या. मका, कोको, मामे फळाची बी आणि एक सुवासिक फूल वाटून, पाणी घालून बाई कोपरापर्यंत हात घालून घुसळते, वर पांढरट जाड फेस येतो. दिसायला गढूळ, चवीला गार आणि हलकं कडवट. तिथेच टोपल्यांत चापुलिनेस, भाजलेले टोळ, लसूण-लिंबू लावलेले. नवऱ्याने मूठभर खाल्ले, मी फोटो काढला.

मीना रस्त्यावर चॉकलेटच्या गिरण्या आहेत. रस्त्याच्या टोकापासूनच वास येतो! कोको, बदाम, दालचिनी, साखर, कशाचं प्रमाण किती ते आपण सांगायचं, समोर दळून गरम लगदा बाहेर येतो. ‘मेनोस आसुकार’ (साखर कमी) म्हटलं नाही तर साखर जरा जास्तच होते, आपल्या तोंडाला तरी. प्यायला मागाल तेव्हा ‘कोन आग्वा ओ कोन लेचे’ विचारतात, पाणी की दूध, मला पाण्यातलं जास्त आवडलं, कोकोची चव त्यातच नीट कळते. सोबतच्या पान दे येमा या पावात अंड्याचा बलक असतो हे लक्षात ठेवा.

तक्रारी म्हणाल तर कपडे आणि केस धुराने वास मारतात, जेवताना गाणारे नि काही ना काही विकणारे सारखे टेबलाशी येतात (‘नो, ग्रासियास’ हसून म्हणा, पुरतं), दुपारच्या गर्दीत जागा मिळेपर्यंत उभं राहावं लागतं, दम्याचा त्रास असेल तर बोळात जाऊच नका. कार्ड विसरा, रोख पेसो लागतात, आणि तेही सुट्टे. एटीएमवर तुमच्या चलनात रूपांतर करून देऊ का असं विचारतं तिथे नकार द्या, तो दर महाग पडतो. मार्केटातल्या स्वच्छतागृहाला पैसे लागतात, दारातच कागद मोजून देतात, तेवढी नाणी वेगळ्या खिशात ठेवा.