लँड्स एंड–जॉन ओ’ग्रोट्स: सुरुवात कुठल्या टोकाकडून?

लँड्स एंड हे ब्रिटनचं नैऋत्य टोक, जॉन ओ’ग्रोट्स ईशान्येचं; या टोकापासून त्या टोकापर्यंत रस्त्याने साधारण १,४०० किलोमीटर. निधी गोळा करायला निघालेले बहुतेक सायकलस्वार दक्षिणेकडून सुरुवात करतात, कारण वारा. तिथे प्रामुख्याने नैऋत्येचा वारा वाहतो; उत्तरेला जाताना तो पाठीशी राहतो. पण कॉर्नवॉल-डेव्हन या दक्षिण टोकाकडच्या परगण्यांतले आखूड, खडे चढ पहिल्याच दिवसांत अंगावर येतात. जोशात जड गिअर रेटला की गुडघा धरतो आणि ते दुखणं थेट स्कॉटलंडपर्यंत सोबत येतं. म्हणून हलका गिअर हवा: पुढची लहान चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) ३४ दातांची आणि मागच्या कॅसेटचं, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाचं, मोठं चक्रही ३४ दातांचं असू द्या.

उत्तरेकडून निघालात तर हेच चढ शेवटी येतात, तोवर पाय तयार झालेले असतात. ब्रेक पॅड मात्र झिजलेले, आणि उतार बऱ्याचदा ओले. डेव्हनआधी पॅड तपासाच.

परतीचा विचार केला तर दक्षिण टोक सोयीचं: जवळच पेन्झान्स, तिथून लंडनला थेट गाडी. जॉन ओ’ग्रोट्सला रेल्वेच नाही. विक किंवा थर्सो गाठा, तिथे गाड्या मोजक्या आणि सायकलच्या जागा त्याहून कमी. तरी पहिल्यांदा जाणाऱ्याने दक्षिणेकडूनच निघावं. फक्त परतीच्या रेल्वेगाडीत सायकलची जागा आधी राखून ठेवावी, देणगीदारांना तारीख मग कळवावी.