फील्डचा फीडबॅक: फॉर्म मागवायचा की माणूस बसवायचा?

फौजेच्या ट्रेनिंग सेंटरला इन्स्ट्रक्टर म्हणून पोस्टिंग आली की कधी ना कधी हे काम गळ्यात पडतंच, की कोर्स करून गेलेल्या पोरांचा फीडबॅक घ्या आणि सिलॅबस सुधारा. रस्ते मुख्य दोनच. काही महिन्यांनी युनिटला छापील फॉर्म पाठवायचा, नाहीतर फील्ड टेन्युअर, म्हणजे सीमेवरची ड्युटी, करून आलेल्या एनसीओंना (नाईक, हवालदार वगैरे) समोर बसवून बोलतं करायचं. मी दोन्ही केलंय, म्हणून लिहितोय, तुमच्याकडे वेगळं असू शकेल.

आधी फॉर्मची बाजू, कारण तो अगदीच टाकाऊ नाहीये. वाळवंटातलं युनिट, ईशान्येतलं युनिट, बर्फातलं युनिट, सगळ्यांना प्रश्न तेच, त्यामुळे उत्तरं शेजारी ठेवून बघता येतात. कुठलं हत्यार फायर करताना जास्त अडकतं, कुठल्या रेडिओ सेटची बॅटरी थंडीत बसते, असलं मोजायचं असेल तर फॉर्मच घ्या. शिवाय सिलॅबस बदलायचा प्रस्ताव वर जातो, पार शिमल्याला आर्ट्रॅकपर्यंत, म्हणजे आर्मीच्या ट्रेनिंग कमांडपर्यंत जाऊ शकतो, आणि तिथे कागद लागतो, "एक हवालदार म्हणत होता" हे काही चालत नाही.

पण माझं मन फॉर्मवरून उडालं ते एका शब्दाने. निल. शेवटचा कॉलम असतो ना, कोर्स सुधारण्यासाठी काही सूचना, त्यात प्रत्येक युनिटचं निल, म्हणजे काही नाही, आणि वरच्या सगळ्या रकान्यांत संतोषजनक. का ते नंतर कळलं. युनिटला वाटतं हे आपल्या माणसाचं प्रगतिपुस्तक आहे, वाईट कोण लिहिणार? आणि फॉर्म भरतो क्लार्क, मागच्या वेळची ऑफिस कॉपी समोर ठेवून, ज्याने कोर्स केला तो तेव्हा कुठल्यातरी पोस्टवर ड्युटी करत असतो. तोवर इकडे आमच्या पुढच्या बॅचेस तेच शिकून बाहेरही पडलेल्या.

मग निल लिहून पाठवणाऱ्या एका युनिटचाच एक हवालदार दुसऱ्या कोर्ससाठी आमच्याकडे आला. लंगरच्या, म्हणजे जवानांच्या मेसच्या चहावर सहज विचारलं तर गडी थांबेचना. म्हणाला, साहेब, रेंजवर तुम्ही आम्हाला नुसत्या कॉम्बॅट ड्रेसवर लेटून फायर करायला शिकवलंत, तिथे बीपी (बुलेटप्रूफ) जॅकेट चढवलं की त्याची कॉलर मागून पटक्याला, म्हणजे डोक्यावरच्या बुलेटप्रूफ टोपाला अडते, मान वरच होत नाही, रायफलची साईट कुठून दिसणार, आणि ग्लोव्हज घातले की मॅगझिन पाऊचमधून निघता निघत नाही. त्यानंतर आम्ही फायरिंगचे काही पीरियड पूर्ण सामान चढवूनच घ्यायला लागलो. हे कुठल्या रकान्यात आलं असतं सांगा.

बोलण्याचे तोटेही आहेत हां. काश्मीरहून आलेल्याला सगळी फौज काश्मीरमध्येच आहे असं वाटतं. ज्याचा आवाज मोठा त्याचंच खरं होतं. आणि खोलीत अधिकारी बसला की "सब ठीक है साब" सुरू. अमेरिकन आर्मीत यावर आफ्टर ॲक्शन रिव्ह्यू आहे, सरावानंतर सगळे बसतात, काय ठरलं होतं, काय झालं, का झालं, आणि तिथे कमांडरची चूकही ज्युनिअर बोलू शकतो असा दंडक. आपल्याकडे ते जसंच्या तसं जमेल असं मला वाटत नाही, पण जुन्या सुभेदार साहेबांना बसवा आणि स्वतः बाहेर थांबा, बरंच जमतं.

लढून आलेल्यांकडून शिकण्याचं मोठं उदाहरण हवं असेल तर व्हिएतनाम युद्ध बघा. विमानातून सोडलेली मिसाईल शत्रूच्या विमानांना लागत नाहीत म्हणून 1968 मध्ये अमेरिकन नेव्हीने कॅप्टन फ्रँक ऑल्टना कामाला लावलं, त्यांनी मिसाईल बनवण्यापासून ते पायलटच्या ट्रेनिंगपर्यंत सगळी साखळी तपासली, आणि 1969 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मिरामारला टॉपगन, म्हणजे नेव्हीच्या फायटर पायलटांची शाळा, सुरू झालं, शिकवायला लढून आलेलेच पायलट. आधी हवाई लढतीत नेव्हीच्या पडलेल्या एका विमानामागे शत्रूची दोनेक पडायची, युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात तो आकडा बाराच्या आसपास गेला. श्रेय एकट्या शाळेचं नसेल, त्यावर वाद आहेतच, पण एअर फोर्सचा आकडा मात्र फारसा हलला नाही.

तुम्हाला फॉर्म सक्तीचाच असेल तर आधी चार माणसं बसवा, ती जे बोलतील त्यातून प्रश्न काढा. आणि तो सूचनांचा कॉलम काढून टाका. त्याजागी विचारा, शिकवलेल्यातलं काय तिथे एकदाही वापरलं नाही, दोन गोष्टी लिहा, आणि खाली सही कोर्स केलेल्याचीच घ्या.