रचना शिकवायची कुठे: फळ्यावर की स्मार्ट बोर्डवर?

दहावीच्या गणित भाग 2 मध्ये भौमितिक रचना आल्या की माझ्यासमोर दोन पर्याय असतात: मोठा लाकडी कंपास आणि खडू, नाहीतर स्मार्ट बोर्डवर जिओजेब्रा हे भूमितीचं सॉफ्टवेअर.

जिओजेब्रात वर्तुळाबाहेरचा बिंदू बोटाने सरकवला की दोन्ही स्पर्शिका त्याच्याबरोबर फिरतात आणि दोन्ही स्पर्शिकाखंड प्रत्येक वेळी एकमेकांइतकेच लांब भरतात. हेच फळ्यावर दाखवायला चार आकृत्या काढाव्या लागतात, तोवर मागच्या बाकांवर गप्पा रंगतात. प्रमेयासाठी स्क्रीनच बरी, वीज असेल तर!

रचनेचं मात्र वेगळं आहे. स्क्रीनवर लंबदुभाजक एका टिचकीत येतो, मुलं माना डोलावतात आणि वहीत कंस एकमेकांना छेदतच नाहीत. फळ्यावर माझाही कंपास घसरतो. मग कुणीतरी ओरडतं, "सर, अंतर रेषाखंडाच्या निम्म्याहून कमी घेतलंत!" ज्याने ती चूक पकडली, तो स्वतः ती सहसा करत नाही. शिवाय बोर्डाच्या 40 गुणांच्या पेपरात रचना पेन्सिलनेच काढायची असते.

एकच निवडायचं झालं तर मी फळा घेईन. फक्त शाळेने तो कंपास बदलून द्यावा, स्क्रू ढिला झालाय.